घडवलेला उजवा हात

वृंदाला ‘गाळणी’ हा शब्द आठवला नाही, त्या सकाळपासून कुमुदबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं.

तसं बघायला गेलं तर गोष्ट अगदी क्षुल्लक. वृंदा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "आई, ती दे गं जरा. ती... चहाची... भोकं असतात ती." कुमुदबाईंनी गाळणी दिली. ऐंशीव्या वर्षी त्यांना स्वतःला दिवसातून दहा शब्द सापडत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. पण वृंदाचं तसं नव्हतं. वृंदा पाटणकर म्हणजे कराडच्या कोर्टात तीस वर्षं गाजलेली वकील. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा वकील चष्मा पुसत बसायचा. शब्दासाठी अडलेली वृंदा कुमुदबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आणि आपण अडलो हे कळल्यावर पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तर त्यांना मुळीच आवडलं नाही. ती घाबरली होती आणि लपवत होती.

अडीच महिन्यांपूर्वी, खरंच घाबरायची वेळ होती तेव्हा मात्र ती घाबरली नव्हती. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली आणि उजवा हात, उजवा पाय एका क्षणात लुळा पडला. तोंड मात्र शाबूत. ॲम्ब्युलन्समध्ये आडवी पडल्यापडल्या ती ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. "डाव्या बाजूला एवढा मार बसूनही वाचा गेली नाही, नशीब म्हणायचं," असं डॉक्टर म्हणाले. बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच असतं म्हणे. नशीब म्हटलं की पुढे कुणी चौकशी करत नाही, तशी इथंही कुणी केली नाही.

मग टोपी आली.

दोन हजार एकेचाळीस साली ही टोपी काही फार नवलाची राहिली नव्हती. पूर्वी अर्धांगवायूच्या रोग्याला दवाखान्यात खुर्चीवर बसवून डोक्याजवळ तारेचं जाडजूड वेटोळं धरायचे. त्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र उमटतं, कवटीतून आरपार जातं आणि जिथं पोचतं तिथल्या पेशींत इवलीशी वीज जागवतं. कापाकाप नाही, सुई नाही. ठोके सावकाश, सेकंदाला एक असे दिले तर मेंदूचा तेवढा भाग शांत होतो, भराभर दिले तर चाळवतो. आता तीच वेटोळी चण्याएवढी झाली होती आणि साध्या कापडी टोपीत शिवलेली होती. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास घरी बसून टोपी घालायची. बोटांत पाच अंगठ्या घालायच्या, त्या बोटांची हालचाल टोपीला कळवत. कुठे ठोके दिल्यावर बोट जास्त हललं, हे टोपी स्वतःच शिकायची आणि दुसऱ्या दिवशी तिथं नेटानं लागायची.

"पण मार डावीकडे बसलाय आणि टोपी उजवीकडे कशाला टिकटिकते?" कुमुदबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्या अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या, प्रश्न पडला की विचारून मोकळ्या होत.

मेंदू-पुनर्वसन केंद्राच्या फरीदा मुल्ला खळखळून हसल्या होत्या. फरीदा आता पन्नाशीला टेकल्या होत्या, पण कधीकाळी त्या कुमुदबाईंच्या दुसरीच्या वर्गात होत्या आणि अजून त्यांना ‘बाई’च म्हणत.

"बाई, एका घरात दोन जावा आहेत समजा. एकीकडे उजवं अंग, दुसरीकडे डावं. दोघी एकमेकींना वचकून असतात म्हणून घर नीट चालतं. आता एक आजारी पडली. दुसरी काय करते? सगळ्या चुली ताब्यात घेते आणि आजारी जाऊ बरी होऊन उठायला लागली तरी तिला ओट्याशी येऊ देत नाही. वृंदाताईंच्या मेंदूचा उजवा अर्धा तसा शिरजोर झालाय. त्याला आपण टोपीनं थोडं गप्प करायचं. मग डावा अर्धा, जो काही शिल्लक आहे, तो डोकं वर काढेल आणि उजवा हात हलायला लागेल."

"आणि गप्प केलेलीचं काही बिघडलं तर?"

"डावा हात थोडा जड होईल. तेवढं चालतं. माणूस उजव्या हाताचा असला की उजव्या अर्ध्यात तसं जोखमीचं काही नसतं."

माणूस उजव्या हाताचा आहे, हे केंद्राला कुमुदबाईंनीच सांगितलं होतं. भरती करताना पडद्यावर प्रश्न आला होता, रुग्णाचा मुख्य हात कोणता? वृंदा खाटेवर, म्हणून बोट कुमुदबाईंनी लावलं. ‘उजवा’. लावताना आपण काही चुकीचं करतोय असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. वृंदा उजव्यानं लिहायची, उजव्यानं जेवायची, उजव्यानं वाढायची. आणखी काय पाहिजे?

तिसऱ्या आठवड्यात करंगळी हलली. स्वयंपाकाला येणाऱ्या अंजनानं ती आधी बघितली आणि पोळपाट टाकून ओरडली, "बाई, ताईंचं बोट हाललं की ओ!" कुमुदबाईंनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. सहाव्या आठवड्यात वाटी धरता आली. आठव्या आठवड्यात वृंदानं पेन धरलं आणि पानभर वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. कोर्टात आता सगळं डोळ्याच्या आणि आवाजाच्या खुणेवर चाले, पण वृंदाला हाताची सही हवी होती. "अंगठेबहाद्दर म्हणून मी कोर्टात परत जाणार नाही," असं तिनं बजावलं होतं. आणि त्याच आठवड्यात तिला गाळणी आठवली नाही.

गाळणीमागोमाग ‘उंबरठा’ गेला. मग ‘तहकूब’ गेला, आणि वकिलाचा ‘तहकूब’ जाणं म्हणजे न्हाव्याचा वस्तरा हरवणं. कुमुदबाई घरात येरझारा घालायला लागल्या. गॅस बंद केलाय का हे तीनतीनदा बघत. पेपर हातात धरत आणि तीच ओळ पुन्हा वाचत. टोपीची टिकटिक सुरू झाली की त्यांना एका जागी बसवेना. त्या गॅलरीत जात, तुळशीला नको असताना पाणी घालत, परत आत येत.

फरीदांनाही चैन नव्हती. त्यांनी डोक्याचा नवा फोटो काढून घेतला. नवीन गुठळी नाही, सूज नाही. केंद्राच्या यंत्रानं वृंदाला चित्रं दाखवली, झाड, मांजर, छत्री. ती सगळी तिनं ओळखली. यंत्रानं निकाल दिला, थकवा. तरी त्या घरी आल्या, वृंदासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि तिचा डावा हात निरखत राहिल्या.

"वृंदाताई, टोपी सुरू व्हायच्या आधी, पहिल्या पंधरवड्यात, तुम्ही डाव्या हातानं केस विंचरायला लागला होता. बटणं लावत होता. नावसुद्धा लिहिलं होतंत, आणि सरळ ओळीत. उजव्या हाताच्या माणसाला हे जमायला सहा महिने लागतात." मग त्या वळल्या. "बाई, एक विचारू? ताई लहानपणी डावऱ्या होत्या का?"

कुमुदबाईंनी पदर सावरला.

"छे," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला इरफान आठवला. माझ्या शेजारी बसायचा. तुम्ही त्याचा डावा हात दप्तराच्या पट्ट्यात अडकवून ठेवायचात. सहा महिन्यांत लागला उजव्यानं लिहायला."

"आणि सुरेख लिहायला लागला," कुमुदबाई म्हणाल्या. सवयीनं बोलून गेल्या. त्यांच्या वर्गात एकही डावरं पोर शिल्लक राहात नसे, पालक त्यासाठी मुद्दाम त्यांच्याकडे नाव घालत, आणि निवृत्तीच्या समारंभात तालुक्याच्या साहेबांनी या गोष्टीचा खास उल्लेख केला होता.

वृंदा हसली. "मी डावरी? हिच्या घरात? हिनं मला... हिनं मला बाहेर..." पुढचा शब्द काही आला नाही. तिनं हातानंच दाराकडे ढकलल्यासारखं करून वाक्य पुरं केलं. फरीदा हसल्या नाहीत.

"का विचारलंस?" कुमुदबाईंनी विचारलं.

"कारण डावऱ्यांमध्ये काहीजणांचं बोलणं मेंदूच्या उजव्या बाजूला असतं. सगळ्यांचं नाही, थोड्यांचं. तसं असेल तर आपण हाताच्या नादानं जिभेलाच गप्प करतोय. टोपीला ते कळायचं नाही, बाई. तिला फक्त बोटं हलवायला सांगितलंय. बोटं हलतायत ना, म्हणून ती रोज थोडी जास्त जागा दाबत चाललीय. पण तसं नाहीये म्हणता ना, मग दुसरं काही कारण असेल. शोधू."

त्या गेल्या. कुमुदबाई मूग गिळून बसल्या.

आता त्या का बोलल्या नाहीत ते सांगायला हवं. डावरेपणाची लाज हे कारण नव्हतं. एकेचाळीस सालात त्याची लाज कुणाला वाटणार होती? कारण वृंदाच्या डाव्या तळहातावर होतं. तिथं एक पांढुरका, चकचकीत वण होता, बोटभर लांब. त्याची गोष्ट वृंदाला तोंडपाठ होती. चार वर्षांची असताना तिनं तापल्या तव्याला हात लावला, आणि आई तिला कडेवर घेऊन अनवाणी, खडीच्या रस्त्यानं, उंब्रजच्या दवाखान्यापर्यंत धावली. आईच्या पंचाहत्तरीला वृंदानं ही गोष्ट माइकवरून सांगितली होती. "ज्यांना माझी आई कडक वाटते त्यांनी तिचे त्या दिवशीचे पाय बघायला हवे होते," असं ती म्हणाली, आणि निम्म्या हॉलनं डोळे पुसले होते.

अनवाणी धावणं खरं होतं. तव्याला हात लावणं खोटं होतं.

सत्त्याऐंशी सालची संक्रांत. नव्या शाळेतल्या बायकांना कुमुदबाईंनी पहिल्यांदाच हळदीकुंकवाला घरी बोलावलं होतं. छोटी वृंदा तिळगूळ वाटत फिरत होती, डाव्या हातानं. मुख्याध्यापकांच्या बायकोनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाली, "इश्श, मास्तरणीची पोर ना ही?" एवढंच. सगळ्या हसल्या. कुमुदबाईही हसल्या. बायका गेल्यावर त्यांनी उलथनं तापवलं. नुसती भीती घालायची होती, हे त्यांनी नंतर स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खरं होतं की नाही हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. पोर हात मागे घेईल असं त्यांना वाटलं होतं. पोरीनं घेतला नाही. आई आहे ना, असं तिला वाटलं असणार.

त्यानंतर वृंदानं डावा हात कशालाही पुढे केला नाही. कुमुदबाईंनी तिचं उजवं अक्षर गिरवून घेतलं, वर्षानुवर्षं, आणि ते जिल्ह्यात पहिलं आलं. तो उजवा हात त्यांनी घडवला होता. टोपीनं तो परत आणला तेव्हा त्या पेढे वाटत सुटल्या त्या काही उगीच नाही.

दहाव्या आठवड्यात वृंदानं सही केली. वळणदार, शेवटी तीच लांब रेघ. कुमुदबाई कागद छातीशी धरून रडल्या. आणि तीनच दिवसांनी शाळेच्या मैदानाच्या दाव्याची सुनावणी आली.

कराडमधली एक जुनी शाळा, तिचं मैदान एका बिल्डरला हवं होतं. सहा वर्षं वृंदा तो दावा लढत होती आणि हे शेवटचं म्हणणं मांडायचं होतं. घरूनच, पडद्यासमोर बसून. पांढरी साडी, काळा कोट, गळ्यात पट्टी. कुमुदबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या, कान मात्र बाहेर. पहिली दोन मिनिटं वृंदा बरी बोलली. मग म्हणाली, "महोदय, ही जागा मुलांच्या..." आणि थांबली. "मुलांच्या... मुलांना... ते पळतात..." पडद्यावर कुणी खोकलं. "मुलं तिथं..." अर्धं मिनिट काहीच आवाज आला नाही. न्यायाधीश भले गृहस्थ होते. "पाटणकर मॅडम, आपली तब्येत बरी दिसत नाही. पुढची तारीख घेऊ," असं हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या त्या हळू आवाजानं कुमुदबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाहेर येऊन पाहिलं तर वृंदा बंद पडद्याकडे बघत बसली होती आणि तिचा उजवा हात कागदावर सही करत होता. एकाखाली एक, पानभर, सुरेख सह्या.

शुक्रवारी फरीदांचा फोन आला. सोमवारपासून स्थिरीकरण. पाच दिवस टोपी दिवसातून आठ वेळा घालायची, सोबत गोळ्या, आणि मेंदू जे काही शिकला ते पक्कं होऊन बसणार. "भांडं भट्टीत घालण्यासारखं आहे बाई. नंतर वाकवता येत नाही. ताईंच्या बोलण्याचं मला कोडंच आहे, पण हात एवढा आलाय, आता थांबलो तर तोही जाईल. ताई म्हणतात, करा."

कुमुदबाई रात्री नाही, शनिवारी दिवसा तळमळल्या. रात्री त्यांना झोपेच्या गोळीनं झोप लागली, दिवसाला मात्र गोळी नव्हती. भात करपला. अंजनाला त्यांनी उगीच झाडलं. दुपारी दोनला त्यांनी चपला घातल्या, वृंदाला "भाजी आणते" म्हणाल्या आणि रिक्षा करून केंद्रात गेल्या. फरीदा डबा खात होत्या. कुमुदबाई समोर बसल्या आणि उलथन्यापासून सगळं सांगितलं. शाळेत धडा म्हणवून घ्यावा तसं, एका दमात, काही न गाळता.

फरीदांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"तीन आठवड्यांपूर्वी विचारलं होतं मी."

"हो."

"तीन आठवडे रोज दोनदा टोपी चाललीय, बाई."

"मोजलंय मी. बेचाळीस वेळा." कुमुदबाई पुढे झुकल्या. "तू आत्ता फोन कर तिला. सांग की नव्या तपासणीत निघालं. माझं नाव कशाला..."

फरीदांनी त्यांच्याकडे पाहिलं. तशा नजरेनं कुठल्याही विद्यार्थ्यानं आजवर बाईंकडे पाहिलं नव्हतं.

"टोपी मी आत्ता इथून बंद करते. तो माझा अधिकार आहे. पण पुढे हात ठेवायचा की बोलणं, हे ताईंनी ठरवायचं, आणि सगळं माहीत असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. मी खोटं सांगणार नाही. तुम्ही सांगा. उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

घरी वृंदा सह्या गिरवत होती. कुमुदबाईंनी तिच्यासमोर बसून दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि या वेळी एका दमात जमलं नाही. तिळगूळ सांगून झाला, मुख्याध्यापकांची बायको सांगून झाली, उलथन्याशी येऊन त्या थांबल्या. वृंदानं पेन खाली ठेवलं. वकील होती ती, साक्षीदार कुठे येऊन थांबतो हे तिला कळत होतं.

"मी तापवलं," कुमुदबाई म्हणाल्या. "तू तव्याला हात लावला नव्हतास."

वृंदानं डावा तळहात उलटा करून पाहिला. मग आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

"तू..." ती म्हणाली. "तू..."

पुढचा शब्द येईना. ती धडपडत उठून उभी राहिली, मान लाल झाली, गळ्याची शीर ताठली. "तू मला... तू ते..." सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं, चोपन्न वर्षांचं, आणि जिभेवर एक अक्षर उतरत नव्हतं. तिनं टेबलावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. आयुष्यात सगळ्यात जास्त बोलायचं होतं त्या घटकेला तिच्यापाशी शब्द नव्हते, आणि ते कुणामुळे नव्हते हे समोरासमोर असलेल्या त्या दोघींनाही माहीत होतं. शेवटी ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी केंद्रात फरीदांनी जुनं, हातात धरायचं वेटोळं काढलं. "ताई, एक ते वीस मोजा. न थांबता." वृंदा मोजू लागली. वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं, भराभर टिकटिक झाली. वृंदा वीसपर्यंत गेली. पुन्हा मोजायला सांगितलं, वेटोळं उजवीकडे नेलं. "सात, आठ, नऊ," आणि तोंड उघडंच राहिलं. टिकटिक थांबली. "दहा," वृंदा म्हणाली.

काही सांगायची गरज उरली नव्हती, तरी फरीदांनी सांगितलं. बोलणं उजवीकडेच आहे. टोपी थांबवली तर ते बहुतेक सगळं परत येईल, महिना दीड महिना लागेल. हात मात्र परत ढिला पडेल. मूठ मिटेल, उघडेल, पण लिहिणं विसरायचं.

"दोन्ही नाही का राहणार?" कुमुदबाईंनी विचारलं.

"टोपीनं दोन्ही एकत्र बांधून घातलंय, बाई. एक सोडवायला गेलं की दुसरं सुटतं."

वृंदानं संमतीचा कागद ओढून घेतला. उजव्या हातात पेन धरलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग डाव्या हातात घेतलं. ‘उपचार थांबवावेत’ या ओळीखाली तिनं डाव्या हातानं नाव लिहिलं. सही नव्हती ती, नुसतं नाव, पहिलीतल्या पोरीसारखं मोठंमोठं. कुमुदबाईंकडे तिनं पाहिलं नाही.

मग सुरू झाले ते सहा आठवडे. उजवा हात दिवसागणिक उतरत गेला. आधी पेन सुटलं, मग वाटी. आणि बोलणं येत गेलं. आधी भाजीवाल्याशी, दोन शब्द. मग अंजनाशी. मग फोनवर फरीदांशी, चांगली चार चार वाक्यं. पाचव्या आठवड्यात मैदानाच्या दाव्यात ती चाळीस मिनिटं बोलली, आणि न्यायाधीशांनी मैदानाला हात लावायला मनाई केली.

कुमुदबाईंशी मात्र ती बोलत नव्हती. जेवायला हाक मारली की येऊन बसे, डाव्या हातानं जेवे, ताट उचलून ठेवे. सुरुवातीला कुमुदबाईंनी मनाची समजूत घातली की शब्द येत नसतील. मग भाजीवाल्याशी घासाघीस ऐकू आली आणि समजूतही गेली. त्या खोल्याखोल्यांतून फिरत राहात. तिच्या दाराशी चहा ठेवत, कप रिकामा होऊन बाहेर येई. रागाव, टाकून बोल, असं त्यांना रोज दाराशी जाऊन सांगावंसं वाटे, आणि तेवढंही मागायचा आपल्याला हक्क नाही हे त्या दारापर्यंत पोचल्यावर त्यांना आठवे.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी त्या गादीवर चादर घालत होत्या. वृंदा दारात येऊन उभी राहिली.

"बस," ती म्हणाली. कुमुदबाई बसल्या.

"मी चार वर्षांची होते," वृंदा म्हणाली. "चार वर्षांच्या मुलीला तू भाजलंस, ठीक आहे, त्या काळात बायका पोरांना काय काय करायच्या, तुलाही कुणीतरी केलं असेल. ते एक मी कदाचित समजून घेईन. पण त्यानंतर तू मला माझ्याच चुकीची गोष्ट सांगितलीस. दर वर्षी. मी आगाऊ होते, मी ऐकलं नाही, मी हात लावला. आणि तू धावलीस. मी ती गोष्ट लोकांसमोर सांगितली तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून रुमालानं डोळे पुसत होतीस. कोर्टात मी शेकडो माणसांचं खोटं पकडलंय, आई. आणि फरीदानं विचारलं तेव्हा तू ‘छे’ म्हणालीस. माझी जीभ माझ्यासमोर जात होती आणि तू ‘छे’ म्हणालीस. हे मी माफ करणार नाही. करायचं म्हणून प्रयत्नही करणार नाही."

कुमुदबाई मान खाली घालून ऐकत होत्या. प्रत्येक वाक्य काळजाला लागत होतं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याच वेळी अडतीस वर्षांची शाळा त्यांच्या आत बसून वाक्यं तपासत होती. कुठे अडली नाही. एक शब्द गळला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं होतं हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. वृंदानं हातानं खूण केली, घे. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, बाहेर बघत.

फरीदा होत्या. दर गुरुवारी त्या विचारपूस करत. "बाई, काय म्हणतायत ताई? तुमच्याशी काही बोलल्या का?"

"बोलली," कुमुदबाई म्हणाल्या. "आत्ताच. सलग बोलली. कुठेही अडली नाही."

"अरे वा. काय म्हणाल्या?"

कुमुदबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"फोन ठेवते," त्या म्हणाल्या. "तिचं अजून सांगून व्हायचंय."